सहावा श्वास

मार्गशीर्ष. खाडीवर धुके; रुपेरी, राखाडी, अविश्वासू धुके. अशाच धुक्यात राघोजी तांडेलाची नाव वाट चुकली होती. राघोजीचा पुत्र बाळोजी, बाळोजीचा दर्याजी, दर्याजीची कन्या शुभ्रकेशा गोदावरी. हा सारा वंश एका देवमाशाच्या श्वासाचा ऋणी आहे, हे आधी ध्यानी धरावे.

खडकांमधून तो देवमासा पुढे चालला होता. पाच आखूड फुत्कार, एक दीर्घ, मग अथांग मौन. त्या नादामागून राघोजी घरी पोचला. तेव्हापासून त्या घरचे माणूस खाडीचे मुख ओलांडताना वल्ह्याने नावेच्या काठावर पाच ठोके देते, थांबते, सहावा देते.

आता त्याच खाडीत, जाळ्याआड, देवमाशाचे एक जखमी पिल्लू होते. जखम भरताच सोडू, हे वचन तिथल्या देवमासा-दर्शनाचे व्यवस्थापक नाडगौडा यांचे. काठावर रंगीत छत्र्या, तिकिटांची खिडकी, आणि नाडगौडांचे गुळगुळीत हसू. गोदावरीला त्या हसण्याचाच संशय.

"आजी, किती संथ श्वास घेतंय बघा! रमलंय हो इथं," नाडगौडा म्हणाले.

संथ खरा, अतिसंथ, अतिसमान. एक, आणि एक, आणि पुन्हा एक. सहावा नव्हताच. जिथे खोली नाही, तिथे दीर्घ श्वास कशाला? ही शांती नव्हे, हे विस्मरण. आणि दीर्घ श्वास विसरलेल्याला समुद्र पोटात घेत नाही.

पिल्लाच्या पाठीवरचा व्रण कोरडा होता, जुना होता.

"जखम भरली रे झिला," गोदावरी नाडगौडांना म्हणाली, "तुजां पोट भरूक नाय."

उधाणाच्या सकाळी, काठोकाठ भरतीत, गावादेखत तिने कोयत्याने जाळे कापले. वाट मोकळी झाली. पिल्लू मात्र तिथेच फिरत राहिले; गोल, गोल, आंधळे गोल.

"बघा! चटावलंय ते," काठावरून नाडगौडा ओरडले. "कुठं जातंय आता!"

गोदावरीने मान वळवली नाही. नाव मुखाकडे लोटली. ओल्या लाकडावर पाच ठोके. विराम. सहावा.

पाणी गप्प.

पुन्हा पाच. पुन्हा विराम. पुन्हा सहावा.

मग तिच्या पाठीशी पाणी फुटले. पाच आखूड फुत्कार. आणि एक दीर्घ, छाती भरून, जणू आठवणीच्या तळातून आलेला. नावेखालून एक काळीभोर सावली सरकली, खडकांमधून, धुक्यामधून, खोलाकडे.

तिने वल्हे आडवे ठेवले. राघोजीने घेतले होते, ते गोदावरीने दिले. श्वासास श्वास, वाटेस वाट.

दूर, धुक्यापल्याड, एक उंच शुभ्र तुषार उठला. आणि मग निळे, निळे, ऋणमुक्त मौन.