पाच ते सहा

नम्रताने स्मार्टफोन घेतला तो गॅस संपला म्हणून. एरवी तिने तो घेतला नसता, आणि हे ती गेली बारा वर्षं लोकांना, कोणी विचारलेलं नसतानाही, सांगत आली होती. बटणांचा फोन तिला पुरत होता. तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची नोंद करून ती निवृत्त झाली होती, आणि आपण काय काय वापरत नाही यावर माणसाची उंची ठरते असं तिचं मत होतं.

ही उंची तिला परवडत होती, कारण घरात आई होती. मंदाकिनीबाई, वय एक्क्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका. गॅसची नोंदणी, विजेचं बिल, बँक, रिक्षा बोलावणं, सगळं आई फोनवरून करायची. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसून या यंत्रांनी माणसाचं लक्ष कसं विस्कटतं यावरचं जाडजूड पुस्तक वाचत असायची. पुस्तकही आईनेच फोनवरून मागवलेलं असायचं.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात पडली. फोन हातातच होता. आई उठली नाही, आणि फोनही पुन्हा सुरू झाला नाही. नम्रताने त्यातलं सिम काढून कागदाच्या पुडीत बांधलं आणि कपाटात ठेवून दिलं. भेटायला येऊ नये, असं तिने पेपरातल्या निधनवार्तेतूनच सगळ्यांना शांतपणे कळवलं. आपण हे फार संयमाने केलं असं तिला वाटलं होतं.

मग गॅस संपला. नोंदणी आईच्या नंबरवर होती, आणि त्या नंबरच्या ॲपमध्ये येणारा आकडा सांगितल्याशिवाय सिलिंडर मिळणार नव्हतं. नऊ दिवस नम्रता विजेच्या किटलीवर आणि खालच्या हॉटेलातल्या उपम्यावर तत्त्वाने जगली. दहाव्या दिवशी तत्त्वाला वरणभात हवासा वाटू लागला.

रविवारी खराडीहून स्वराली आली. ही तिच्या मावसबहिणीची मुलगी, संगणकाच्या कंपनीत काम करणारी. नव्या फोनचं खोकं उघडण्याआधी नम्रताने तिच्यापुढे एक पाठकोरा कागद ठेवला. त्यावर पट्टीने तीन रकाने आखले होते : अत्यावश्यक, उपयुक्त, चैन. अत्यावश्यकमध्ये गॅस आणि बँक. उपयुक्तमध्ये शब्दकोश आणि बसचं वेळापत्रक. चैनीच्या रकान्यात ‘विचाराधीन’ एवढंच लिहिलं होतं.

स्वरालीने कागद वाचला आणि म्हणाली, बसचं ॲप घेतलं म्हणून बस वेळेवर येईल असं काही नाही हं, मावशी.

सिम नव्या फोनमध्ये बसलं. गॅसचं ॲप उतरवलं. ‘अटी मान्य’ असं बटण आलं तेव्हा नम्रताने चष्मा लावला आणि अटी वाचायला घेतल्या, पेन्सिल हातात धरून. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात स्वरालीने जेवण मागवलं, ते आलं आणि तिने ते संपवलंही.

“मावशी, ते कोणी वाचत नाही गं.”

“म्हणूनच त्यात एवढ्या चुका राहिल्यात.”

व्हॉट्सॲप कोणत्याच रकान्यात नव्हतं. स्वरालीने न विचारता ते टाकलं. आत्ता आजीच्या नंबरवरच सुरू करते, तुझ्या नंबरचं नंतर बघू, असं ती म्हणाली, आणि नम्रताने समजलेल्या माणसासारखी मान हलवली. सरावासाठी कोणाला तरी चार ओळी पाठव, असं सांगून स्वराली साडेतीनच्या सुमारास निघाली.

पाठवायचं कोणाला? पडद्यावर एकच ओळ होती : ‘पाच ते सहा’. हा आईचा ग्रुप. आई आणि तिच्या अकरा मैत्रिणी. सगळ्या नारायण पेठेतल्या आणि आसपासच्या, संध्याकाळी नदीकाठच्या बाकांवर बसणाऱ्या. गुडघ्यांनी बाक सोडवले तेव्हा आईने हा ग्रुप काढला आणि त्याला शाळेसारखी वेळ लावली. रोज संध्याकाळी पाचला ती तो उघडायची. तासभर कोणीही काहीही लिहावं. सहाला ती तो असा बंद करायची की तिच्याशिवाय कोणाला त्यात अक्षर टाकता येऊ नये. दिवसभर फुलांची चित्रं पाठवत बसायला आपण काय रिकामटेकड्या आहोत का, असं तिचं म्हणणं होतं. तिने नम्रतालाही दोनदा बोलावलं होतं. नम्रता म्हणाली होती, मला तेवढा वेळ नाही. तेव्हा ती निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

तिने एका बोटाने, अर्ध्या तासात, लिहिलं : ‘नमस्कार. नवीन फोन घेतला आहे. अजून सवय नाही, हळूहळू होईल.’ तीनदा तपासलं. स्वल्पविराम योग्य जागी होता. पाठवलं.

उत्तर आलं नाही. तासभर नाही. तिला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही झाला. मग दाराची बेल वाजली.

दारात वेणूबाई होत्या. आईची सर्वांत जुनी मैत्रीण, वय ब्याऐंशी, हातात काठी. दोन जिने चढून आल्याने त्यांना बोलता येत नव्हतं, पण न बोलताही त्या बरंच काही बोलत होत्या. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि आपला फोन नम्रतापुढे धरला. आईचा फोटो, आईचं नाव, आणि त्याखाली नवीन फोन घेतल्याची बातमी.

नंबर आईचा म्हणजे निरोप आईच्याच नावाने जाणार, एवढी साधी गोष्ट चाळीस मिनिटं अटी वाचलेल्या बाईच्या डोक्यात आली नव्हती.

“मंदाकिनी गेली हे आम्हाला तिसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं,” वेणूबाई म्हणाल्या. “नवीन फोन घेतल्याचं मात्र तिने स्वतः कळवलं. प्रगती आहे.”

नम्रताने क्षमा मागितली. फार व्यवस्थित शब्दांत मागितली. वेणूबाईंनी ती ऐकून घेतली आणि सांगितलं, की अकराजणींनी निरोप वाचला, दोघी रडल्या, एकीने तर देवापुढे दिवा लावला, आणि उत्तर मात्र कोणालाच देता आलं नाही, कारण ग्रुप बंद आहे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सहाला मंदाकिनीने तो नेहमीप्रमाणे बंद केला होता. तेव्हापासून तो तसाच आहे.

नम्रता म्हणाली, तुम्ही नवा काढायचा होता की. पाच मिनिटांचं काम आहे म्हणे.

“हा मोडला कुठे आहे? बंद आहे फक्त. रोज पाचला उघडून बघतो आम्ही.” वेणूबाईंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. “तुला विचारायला यायचं होतं. तू येऊ नका म्हणालीस.”

नम्रताने फोन हातात घेतला. वेणूबाईंनी कुठे दाबायचं ते दाखवलं : ग्रुपच्या नावावर, मग खाली, मग परवानग्या. मैत्रिणींना पुढचं सगळं पाठ होतं, फक्त हक्क नव्हता. पडद्यावर दिसलं : निरोप पाठवू शकतात – फक्त ॲडमिन. ते आईने निवडलं होतं. त्या संध्याकाळी, या खुर्चीत बसून, बोट टेकवून. त्याशिवाय आईने ठरवून केलेलं दुसरं काही घरात उरलेलं नव्हतं. तिचे कपडे नम्रताने देऊन टाकले होते. औषधं परत केली होती. कपाटाचे कप्पे विषयवार लावले होते. हे एवढं एकच आईने जसं ठेवलं तसं राहिलं होतं, आणि ते नम्रताला आत्ता कळत होतं, कारण आत्ताच ते मोडायचं होतं.

आणि उघडल्यावर काय येणार, हेही तिला ठाऊक होतं. जे ऐकायला लागू नये म्हणून तिने तीन महिने दार लावून घेतलं होतं, ते सगळं अकरा बायका एकदम लिहिणार. उत्तरादाखल तिने मनातल्या मनात तीन वाक्यं तयार केली. दुसऱ्यातलं एक विशेषण काढून टाकलं.

“उद्या उघडलं तर?” तिने विचारलं.

“उद्याही चालेल,” वेणूबाई म्हणाल्या. “आमच्यातल्या तिघी ऐंशीच्या पुढच्या आहेत. बघ तुला कसं जमतं ते.”

घड्याळात साडेपाच वाजले होते. नम्रताने ‘सर्वजण’ या शब्दावर बोट टेकवलं.

अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग फोन हातात थरथरायला लागला तो थांबेचना. एकीच्या सुनेला मुलगी झाली होती, दोन महिन्यांची होत आली. दुसरीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कोणाच्या तरी भाडेकरूने मांजर ठेवलं. मेथी पुन्हा कडू यायला लागली. जिने दिवा लावला तिने दिव्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, तेल जास्त झालं. तीन महिने जपून ठेवलेलं बोलणं होतं ते. तयार केलेली तीन वाक्यं लावायला त्यात कुठे फटच नव्हती.

नम्रता नुसती वाचत राहिली. तिचा चष्मा धुरकट झाला. तो तिने पुसला आणि आपल्याला आता नंबर बदलून घ्यायला हवा असं वेणूबाईंना सांगितलं.

वेणूबाई शेजारच्या खुर्चीत बसून आपल्या फोनवर लिहीत होत्या. ते नम्रताच्या हातात येऊन पोहोचलं : ‘पुरे. हजेरी राहिली आहे.’

मंदाकिनी रोज हजेरी घ्यायची, त्यांनी तोंडाने सांगितलं. नाव घेणं तिचं काम. आता ते तुझं.

नावं वेणूबाईंनी सांगितली, नम्रताने एकेक लिहिलं. एकेक ‘हजर’ येत गेलं. कोणी नातवाकडून लिहून घेतलं, कोणी नुसता हात वर केलेलं चित्र टाकलं, त्याला वेणूबाईंनी नाक मुरडलं. दहाजणींची हजेरी झाली. अकराव्या हिराताई. नाव टाकून पाच मिनिटं झाली तरी त्या लिहितच आहेत, एवढं दिसत होतं.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. वेणूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग नम्रताकडे. नियम नियम असतो, हे आजवर नम्रताने वाचनालयात हजारो लोकांना बजावलं होतं. तिने फोन मांडीवर ठेवला आणि बोट काढून घेतलं.

सहा वाजून नऊ मिनिटांनी हिराताईंचं उत्तर आलं : ‘हजर. मंदाकिनी असती तर थांबली नसती.’