पोटाखालचा शाफ्ट

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्यानं आपली गाडी थापेमामांकडे दुरुस्तीला देऊ नये. पण मामांच्या गॅरेजात एकदा एक गाडी खेकड्यासारखी चालली होती. तिचं इंजिन गाडीच्या लांबीत, उभं बसवलेलं. मामांनी हौसेनं ते काढून आडवं बसवलं, किल्ली फिरवली, तर गाडी पुढे जाईना की मागे. सरळ डाव्या बाजूला सरकत दारातून बाहेर पडली आणि समोरच्या न्हाव्याच्या पायरीला खेटून थांबली. मालक रडकुंडीला आला. "पण रस्त्याकडेला गाडी लावताना त्याला पुन्हा कधी पुढेमागे करावं लागलं नाही," असं म्हणून मामा चहाचा घोट घ्यायचे.

ही थाप सगळ्यांना पाठ होती. गॅरेजातला वेल्डर तर मामांच्या आधी शेवट सांगून मोकळा व्हायचा. तरी दर वेळी सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती मामांची भाची. मामांच्याच हाताखाली शिकलेली, आणि आता मामांपेक्षा दोन बोटं पुढे गेलेली.

मोठा भाऊ गेल्यापासून ती हसली नव्हती. उतारावरच्या वळणात त्याची गाडी दगडी भिंतीवर गेली. चौकशीला आलेल्यांनी वेग जास्त होता म्हणून हात झटकले. पण आदल्याच दिवशी त्या गाडीचा क्लच भाचीनं बदलला होता. ती कुणाला काही म्हणाली नाही. गॅरेजात यायची बंद झाली, एवढंच.

"घरातलं एकेक झाकण ती पुन्हा पुन्हा घट्ट करत बसते," तिची आई मामांना सांगत होती. "माझ्यानं आता साखरेची बरणी उघडत नाही. अरे, जन्मभर जगाला थापा मारल्यास, माझ्या पोरीला एक मार. तिचा हात नव्हता, एवढं तिला पटू दे."

मामांनी मान डोलावली. थाप मारणं त्यांना कधी जड गेलं नव्हतं. ही मात्र छातीवर धोंडा ठेवल्यासारखी झाली. चेपलेली गाडी गॅरेजच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, आणि जन्म गाड्यांच्या पोटाखाली काढलेल्या या माणसानं त्या ताडपत्रीचं टोक एकदाही उचललं नव्हतं. खाली एखादा नट सैल निघाला असता, तर ते पोरीपासून लपवायला लागणारं तोंड त्यांच्याकडे नव्हतं. त्यापेक्षा न बघितलेलं बरं. त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. झाकली मूठ.

कसं कोण जाणे, भाचीला कळलं. भंगारवाला यायच्या दिवशी सकाळीच ती मागच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"बस ना," मामा म्हणाले.

"बसायला नाही आले. तू खाली बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

मामांनी घसा खाकरला. त्यांना आता या गाडीतला असा एक भाग हवा होता, ज्याला पोरीचा हात लागला नव्हता. ते मनातल्या मनात गाडीच्या पुढच्या टोकाला शिरले. क्लच तर तिनंच घातलेला. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली घेतलेला. गिअरबॉक्ससाठी दोन्ही एक्सल बाहेर काढलेले, म्हणजे पुढच्या चाकांचे नटही तिनंच आवळलेले. इंजिन आडवं असलं की हीच पंचाईत. सगळा संसार पुढच्या दोन चाकांच्या मध्ये कोंबलेला, एकाला हात लावायचा तर चौघांना उठवावं लागतं. जिथं जावं तिथं पोरीची बोटं. मामा घाईघाईनं मागे सरकत सरकत गाडीच्या मध्यावर आले, आणि तिथं त्यांना एक बिनडागी तुकडा सापडला.

"शाफ्ट," ते म्हणाले.

"कुठला?"

"पोटाखालचा, लांब. त्याचा सांधा आतून गंजून खाल्लेला, बाहेरून दिसतोय कसा! कारखान्यातून आला त्या दिवसापासून त्याला माणसाचा हात लागलेला नाही. उतारावर तो पुढच्या बाजूनं निखळला, टोक रस्त्यात रुतलं आणि गाडीच उचलली गेली. तिथं देव बसला असता स्टिअरिंगवर, तरी भिंतीवरच गेला असता."

"उजेडाला मीच बॅटरी धरली होती," वेल्डर दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "एवढा गंज. मुठीएवढा."

मामांना वाटलं, लागू पडली. थाप बसते तेव्हा ऐकणाऱ्याचे खांदे जरा खाली येतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. भाचीचे खांदे खाली आले होते. त्यांनी आणखी थोडं तिखटमीठ लावलं. तो शाफ्ट आपण वजन करून बघितला, असा सांधा उभ्या जन्मात दुसऱ्यांदा पाहिला, असं काहीबाही. बोलता बोलता ती खाली वाकली आहे आणि ताडपत्रीची दोरी सोडते आहे, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"काय करतेस?"

"तुझा शाफ्ट शोधते."

"पोरी, नको. राहू दे ते."

दोरीची गाठ सुटली. ती तशीच गुडघ्यांवर बसून होती. आवाज चढलेला नव्हता, उलट कित्येक दिवसांनी नीट लागला होता.

"मामा, दादाच्या गाडीचं इंजिन आडवं आहे. पुढची चाकं ओढतात तिला, मागची नुसती फरफटत येतात. मागे ताकद न्यायचीच नाही, तर पोटाखाली शाफ्ट कशाला असेल? तिथं धुराच्या नळीशिवाय काही नाही."

वेल्डर हळूच दारातून आत सरकला.

"चुकलं असेल माझं. म्हातारा झालो. दुसऱ्या कुठल्या गाडीचा..."

"चुकलं नाही. जो खाली जाऊन आला, त्याचं हे चुकणारच नाही." तिनं हात पुढे केला. "तू बघितलंच नाहीस, मामा. माझ्याच हातून झालं असं तुलाही वाटतंय, म्हणून नाही बघितलंस. बॅटरी दे इकडे. आता मी बघते, आणि तू माझ्या शेजारी आडवा पड."