सोनेरी मुठीची कात्री

आत्याच्या पडद्यांच्या दुकानात भिंतीवर शोभेला जुन्या कात्र्या टांगल्यात. त्यांतली सोनेरी मुठीची माझ्या आईची आहे. सोनेरी रंग आत्यानेच फासलाय. आईच्या कात्रीची मूठ काळी होती. घरी माझ्या वाढदिवसाची गर्दी झाली आणि त्या गडबडीत ती कात्री गायब झाली. तेव्हापासून आई सोफ्यांचं जाड कापड भलत्याच कात्रीने कापते आणि अंगठा सुजवून घेते. बाबा म्हणतात, "जाऊ दे, बहीण आहे माझी." मी काही जाऊ देणार नव्हते.

शनिवारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलं तशी मी हजर झाले.

"आत्या, शाळेत जुन्या कात्र्यांवर बोलायचंय. तुझ्याइतकं कोणाला कळतं?"

आत्या फुलली. "ही दातेरी, हिने कापलं की कडेचे धागे सुटत नाहीत. आणि ही सोनेरी, वाकड्या मुठीची, खास शिंप्याची. पातं टेबलाला टेकून सरकतं, कापड उचलावं लागत नाही. आमच्या वडिलांची आहे ही, जन्म काढला त्यांनी हिच्यावर."

"आजोबा कुठल्या हाताने कापायचे गं?"

"उजव्याच. आमच्या घरात डावरं कोणी नव्हतं, तुझी आई येईपर्यंत."

गिऱ्हाइकं हसली. हा टोमणा मी लहानपणापासून ऐकतेय, पण आज कानाला गोड लागला.

"मग कापून दाखव ना." मी जीन्सच्या कापडाची चौपदरी घडी पुढे केली.

आत्याने कात्री चालवली. कापड दोन पात्यांमध्ये दुमडून अडकलं. तिने जोर लावला, तर नुसतं चघळलं गेलं.

"धार गेलीय मेली."

मी कात्री डाव्या हातात घेतली. या बाबतीत मी आईवर गेलेय. चारही पदर एका दमात कापले.

"धार आहे की. हिचं डावं पातं वर आहे, बाकी सगळ्यांचं उजवं. ही डावखुऱ्यांची कात्री आहे, आत्या. तू फक्त मूठ रंगवलीस."

आता कोणी हसेना. कापड निवडणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "अहो, म्हणजे ही तुमच्या वहिनींचीच की."

आत्याने मला कोपऱ्यात ओढलं. "घेऊन जा. पण आईला काही सांगू नकोस हं."

"छे, मी कशाला सांगू? संध्याकाळी तूच येऊन सांग. आणि येताना पॉलिश पेपर आण, तुझा रंग खरवडायचाय." मी कात्री दप्तरात ठेवली. "उजव्या हाताने घासलंस तरी चालेल."