दर क्रेटमागे एक फेरी

मित्रांनो, सौंसरच्या आमच्या संत्रा केंद्रात शिरलात की कोपऱ्यातून घरघर ऐकू येते. तो मीच, एक जुना सर्व्हर. माझ्या पोटात जावा भाषेतला एक प्रोग्राम आहे. पुष्पाताई प्रत्येक क्रेटचं वजन टाइप करतात आणि मी ते डेटाबेसमध्ये, म्हणजे माझ्या कोठारात, नेऊन ठेवतो.

हा प्रोग्राम पांढुर्ण्याच्या गौरवने कॉलेजात असताना लिहिला. पहिल्याच हंगामात ऐन गर्दीत लाइट गेली आणि संत्री घेऊन आलेल्या मनोहरकाकांच्या गाडीची नोंद पुसली गेली. बिचाऱ्यांना भर उन्हात सगळे क्रेट पुन्हा काट्यावर चढवावे लागले. गौरवच्या ते जिवाला लागलं. त्याने मला बजावलं, एक क्रेट आला की लगेच कोठार गाठायचं. मी कधी कुचराई केली नाही. लोक कौतुकाने म्हणायचे, "मशीन मोठं इमानदार आहे जी!"

पुढे बागा वाढल्या, ट्रक येऊ लागले. कोठारात ठेवलेल्या प्रत्येक नोंदीची एक प्रत माझ्या हातातच राहायची, आणि दर फेरीला त्या सगळ्या पुन्हा तपासायच्या, ही माझी सवय. त्या खाली ठेव, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे ट्रक संपत येईतो माझा जीव मेटाकुटीला यायचा. खिडकीशी ताटकळणारे लोक माझ्या नावाने बोटं मोडू लागले.

शेवटी व्यवस्थापक मुकुंदराव वैतागले. "याले भंगारात देऊन टाका. उद्या भंगारवाला येते."

पुष्पाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "साहेब, एक डाव गौरवले पाहू द्या."

मला रडता येत नाही, नाहीतर रडलोच असतो.

आता नागपुरात राहणारा गौरव दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसने आला. "मावशी, कवा अडकते हा?" त्याने पुष्पाताईंना विचारलं.

"लहान गाडी आली त पटापट चालते. ट्रक आला का शेवटी शेवटी रडते."

त्याने आपलाच जुना प्रोग्राम उघडून वाचला. मग हळूच म्हणाला, "हा थकला नाही, मावशी. मीच याले दर क्रेटमागे कोठारापर्यंत पयवून राहिलो होतो."

त्याने मला नवी रीत शिकवली. थोडे क्रेट जमवायचे, एकदम कोठारात ठेवायचे आणि हात रिकामे करायचे.

"अन् लाइट गेली त?" पुष्पाताईंनी विचारलं.

"आता इन्व्हर्टर आहे ना. अन् गेलीच त एक गठ्ठा पुन्हा टाकाचा, पुरा ट्रक नाही."

तेवढ्यात रामाकोन्याहून मनोहरकाकांचा ट्रक आला. काका सवयीने चहा सांगून बाकावर ऐसपैस बसले. इकडे शेवटचा क्रेट उतरला, तिकडे माझं काम संपलं.

"झालं बी?" काका उठत म्हणाले. "अवो, च्या त येऊ द्या!"

मुकुंदराव हसले आणि त्यांनी भंगारवाल्याला नको म्हणून फोन केला. पुष्पाताईंनी पदराने माझी धूळ पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी हळू चालत असेल. त्याच्यावर चिडण्याआधी जवळ बसा आणि विचारा, "तुझ्या हातात अजून काय काय आहे?" मग त्यातलं थोडं खाली ठेवू द्या.