पुरलेली मडकी

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घरात या. जाफराबादहून जीपनं जायचं, फाट्यावर उतरायचं, की समोरच गाव. घरावर पत्रे, चुलीमागं मातीची भिंत, आणि भिंतीवर शेणाची एक गोल थापी. गोवरीसारखी दिसते, पण ती जाळायची नाही. तिच्या पोटात राखेत घोळलेलं वाळकाचं, म्हणजे गावठी काकडीचं, बी आहे. असं थापून ठेवलं की वर्षभर किडा लागत नाही. दिसली ना थापी? आता ती भिंतीवरून काढून टाका. मागं उरला एक पांढुरका डाग.

त्या डागाकडे आसराबाई बघत होती, आणि तिची लेक शिवकन्या उंबऱ्यात उभी राहून आईकडे.

थापी शिवकन्येनंच काढली होती. शाळेजवळच्या खोलीत अर्पिताताई राहायला आल्या होत्या. दर रविवारी त्या पोरांना जमवून ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं, धुण्याभांड्याचं पाणी परसात कसं वळवायचं, घरचं बी का जपायचं, हे सांगत. मागे एका रविवारी म्हणाल्या, घरून चिमूटभर बी आणा, नंतर एक गंमत दाखवते. चिमूटभर काढायला थापी फोडावी लागली असती, आणि फोडली की आई रागावली असती. म्हणून शिवकन्येनं अख्खीच नेऊन दिली.

"माझ्या आईनं दिल्तं ते बी," आसराबाई हळूच म्हणाली. "दुसरं न्हाई घरात. बाजारात असलं वाळूक मिळत बी न्हाई."

शिवकन्येचा थोरला भाऊ परमेश्वर भाकरी मोडता मोडता बोलला, की ताई कालच मोठी पिशवी घेऊन बदनापूरकडे गेल्या, त्यानं जीपमध्ये बसताना पाहिलं. "एखाद्या कंपनीला इकलं असंल. उद्या पाकिटात घालून आपल्यालाच देतील. पाकिटावर आपल्या शिवीचा फोटो छापा म्हणावं."

गावात कुजबूज आधीपासून होतीच. फुकट शिकवणाऱ्या बाईचं पोट कशावर चालतं? खोलीला कायम कुलूप का? त्यात शेजारच्या संपतकाकांनी सांगितलं, की ताईंना खोलीमागं मडकी पुरताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं, तोंडाला फडकं बांधलेली मडकी. करणी हा शब्द कुणी उच्चारला नाही. ऊन कललं की कुदळ घेऊन जायचं ठरलं.

"तू आधी जा," आसराबाई लेकीला म्हणाली. "बी सापडलं तर आण. मडक्याला मात्र हात लावू नको."

खोलीला कुलूप होतं. शिवकन्येनं खिडकीतून पाहिलं. सतरंजी, स्टोव्ह, खुंटीला झोळी. थापी कुठंच नव्हती. ताई आपल्याला फसवून गेल्या, असं तिला वाटलं. ती मागच्या बाजूला गेली. उकरलेल्या जमिनीत ओळीनं मडक्यांची तोंडं दिसत होती. फडकी बांधलेली, वर एकेक चपटा दगड. ती लांबच उभी राहिली.

मग तिच्या ध्यानात आलं. चैताचं ऊन, सगळीकडे माती भेगाळलेली, आणि मडक्यांभोवतीची तेवढी काळी, ओली. ताई तर कालपासून गावात नाहीत. मग पाणी कुणी घातलं?

ती वाकली. ओल्या मातीतून दोन-दोन पानांची रोपं वर आली होती. एका पानाच्या टोकाला बियाचं टरफल अजून चिकटलेलं होतं, राखेनं माखलेलं. वाळकाची ही पानं तिनं दर वर्षी आईच्या कपाशीत पाहिली होती. मडक्यातलं पाणी आतल्या आत पाझरत होतं, आणि आईचं बी ते पीत होतं.

तरी ताईंनी आईला विचारलं का नाही, हे तिला कळेना. सगळंच बी का पेरलं, हेही कळेना. ताईंवरचा राग काही गेला नव्हता. पण आता बी परत नेता येणार नव्हतं. ते या मातीत होतं, नाहीतर कुठंच नव्हतं.

तेवढ्यात पावलं वाजली. संपतकाका पुढे, खांद्यावर कुदळ. मागे परमेश्वर आणि आणखी दोघं. सगळ्यांत मागे आसराबाई, पदर तोंडाशी धरलेली.

"बाजूला हो, पोरी," संपतकाका म्हणाले. "ते फोडून नदीत टाकायचं हाय."

"काका, आत पाणी हाय नुसतं."

"तुला काय ठाव, कशाचं पाणी हाय ते?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, नको म्हणून.

शिवकन्येनं दगड उचलला, फडकं सोडलं, कोपरापर्यंत हात मडक्यात घातला, आणि सगळ्यांच्या देखत घोटभर पाणी प्याली.