किल्लीला न जुमानणारं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरतेकडच्या वडफळ गावात गलाभाई लोहाराने मला घडवलं, नारणभाई पटेलांच्या दारासाठी. घरचे लग्नाला निघाले की मी लागायचो, परतले की उघडायचो. "गलाभाईचं कुलूप म्हणजे वाघ!" असं लोक म्हणत आणि मी फुगायचो.

मग गोऱ्या सरकारने शेतसारा वाढवला. कापूस पुरात कुजला, तरी वाढवला! गावाने ठरवलं, सारा भरायचा नाही. लगेच जप्ती सुरू झाली, आणि पहिला डोळा दुभत्या म्हशींवर. तेव्हापासून घर रिकामं दिसावं म्हणून मी दिवसभर दाराला लटकलेला. आत नारणभाईंची बायको डाहीबेन, तान्ही नात आणि कुंढी नावाची म्हैस. पोरीची आई बाळंतपणातच गेलेली. कुंढीच्या दुधावरच ती जगत होती. किल्ली घेऊन नारणभाई शेतात जात.

एका दुपारी इशाऱ्याचा ढोल वाजला. जप्तीचा अंमलदार आला. मेला स्वतः शेतकऱ्याच्या पोटचा! समोरच्या ओट्यावर रूखीमा म्हातारी बसली होती.

"म्हैस कुठाय, म्हातारे?"

"गेली जावयाकडे."

अंमलदार गालात हसला. दूध काढायला बसताना डाहीबेन कासांडीवर बांगड्या वाजवायची, तेव्हाच कुंढी पान्हा सोडायची. आमच्याकडे घरोघरी हीच रीत. त्या चांडाळाला ती ठाऊक होती. शिपायाचा लोटा घेऊन त्याने त्यावर अंगठी वाजवली. टिण टिण टिण. आतून कुंढी रेकली.

"मग हे कोण ओरडतंय?"

"माझी विहीण असेल," रूखीमा म्हणाली. "तिचा आवाज तसाच आहे."

"फोडा कुलूप!"

पण हातोडा कुठून आणणार? गलाभाईने साफ सांगितलं, "साहेब, तुमच्यासाठी माझ्याकडे खिळासुद्धा नाही." शेवटी शिपायाने दगड उचलला. मित्रांनो, काय ते घाव! माझं पोट चेपलं, कडी वाकली. आत पोर रडत होती. मी दात आवळून धरले. सूर्य मावळला. अंधारात जप्ती करायची नाही, हा त्यांचाच कायदा. शिव्या देत ते निघून गेले.

नारणभाई धावत आले. किल्ली फिरेना.

"तोडतो हे कुलूप!"

"खबरदार!" आतून डाहीबेन कडाडली. "त्या मेल्यांच्याने तुटलं नाही, ते तुम्ही तोडणार? मागची भिंत फोडा!"

भिंत फोडली. पुढे वाढीव सारा रद्द झाला, तरी त्या घरात सगळे मागूनच येतात-जातात. पुढे घरात आलेली नवी सूनसुद्धा मागूनच आली.

मुलांनो, परवा तुमच्यातला एक शहाणा या बंद दारापाशी तेलाची बाटली घेऊन आला होता. हात आवरा! मला पुसा, पावसापासून जपा, पण तेल घालू नका. डाहीबेनने सांगितल्याशिवाय मी उघडणार नाही. आणि सांगायला ती आता नाही.