अर्धी बिडी

जेवणाचा भोंगा झाला तसा डोमाजी कापसाच्या जिन कारखान्याच्या फाटकाबाहेर आला आणि सवयीने त्याचा हात कानावर गेला. तिथे बिडी नव्हती. तोच हात त्याने डोक्यावरच्या फडक्याकडे नेला, फडकं सोडून झटकलं, तर त्यातल्या कापसाच्या धुळीनेच त्याला खोकला आला. ढास थांबेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला.

पलीकडे चिंचेखाली उकंडा बसला होता. खोकला ऐकून त्याने मान वर केली, डोमाजीकडे पाहिलं आणि शिदोरी उचलून तो वळणापलीकडे निघून गेला.

आजही.

पांढरकवड्याच्या त्या जिनात दोघं एकाच यंत्रावर कापूस लोटत. आत आगीची भीती, म्हणून बिडी ओढायला फाटकाबाहेरच यावं लागे. बाहेर आले की दोघांत एकच बिडी. अर्धी उकंडाची, उरलेली डोमाजीची. नागपूरहून दीक्षा घेऊन डोमाजी परतला तेव्हा जिनातले काही लोक, जे आधी निदान बोलत तरी होते, तेही तोंड फिरवू लागले. त्या दुपारी उकंडा, जातीने कुणबी, सगळ्यांदेखत त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने बिडी पेटवली, अर्धी ओढली आणि ओठांनी ओली झालेली ती तशीच पुढे केली. डोमाजी ते विसरला नव्हता.

यंदा दिवाळीनंतर खोकल्याने त्याला धरलं. अंग उतरलं, छाती घरघरू लागली. लोक आपसात ‘क्षय’ म्हणू लागले. थुंकी यवतमाळला तपासून आली, तेव्हा निकाल ऐकायला तो गावातल्या दवाखान्यात गेला तो भिंतीला धरून.

“क्षय नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण फुफ्फुसं फार दमली आहेत. कापसाची धूळ तुमच्या हातात नाही, डोमाजी. बिडी आहे.”

डोमाजीने हात जोडले. बाहेर येऊन त्याने खिशातला बिड्यांचा कट्टा नालीत टाकला. बायकोचे, सत्यभामाचे, दिवस भरत आले होते. आधीचं लेकरू रांगायच्या आतच गेलं होतं. हे येणारं मूल त्याला नुसतं पाहायचं नव्हतं, खांद्यावर घेऊन बाजारात हिंडवायचं होतं.

“सोडली म्या,” त्याने उकंडाला सांगितलं.

“बरं केलं,” उकंडा म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून तो शेजारी बसेनासा झाला.

बिडीवाचूनचे दिवस वाईट गेले. झोप उडाली. तोंडात गुळाचा खडा धरला तरी जीव थाऱ्यावर येईना. एकदा तर किरकोळ गोष्टीवरून तो मुकादमाच्या अंगावर धावून गेला. पण या सगळ्यापेक्षा चिंचेखालची ती रिकामी जागा त्याला जास्त टोचत होती.

“उकंडाभाऊ आले नाई लय दिवसात,” भाकर थापता थापता सत्यभामा म्हणाली.

“येत नाई तो आता.”

“काहून?”

“भेते मले. क्षय हाये म्हणून.”

तिचे हात थांबले. “तुमी इचारलं त्याले?”

डोमाजीने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

माघात एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. शेजारच्या मथुराबाईने तिला बैलबंडीत धरून बसवलं आणि दवाखान्यात आणलं. मूल आडवं आहे, डॉक्टर बघताहेत, तुम्ही बाहेर थांबा, असं नर्सने सांगितलं. डोमाजी अंगणातल्या कडुनिंबाखाली बसला, उठला, पुन्हा बसला. आतून सत्यभामाचं ओरडणं ऐकू येई. मग ते थांबे, आणि थांबणं अधिकच भयंकर वाटे. ऊन डोक्यावर आलं. रस्त्यापलीकडे पानठेला होता. तो उठला आणि तिकडे चालू लागला.

समोरून उकंडा येत होता.

“कुठं चालला?”

“बिडी घेतो.”

“बस खाली.”

“आज नाई जमत, उकंडा. तुयाजवयची दे एक.”

“नाई माह्याजवय.”

“तुयाजवय नाई असं होते का कवा?”

उकंडाने अंगातल्या बंडीचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून फुटाणे मातीत सांडले.

“तुवा बी सोडली?”

“कायची सोडतो!” उकंडा खाली बघत म्हणाला. “मले नाई जमत, बाप्पा. आज सकाऊन तुमची बैलबंडी दवाखान्याकडं जातानी पाह्यली, तवापासून पेल्लो नाई, एवढंच. तुयाजवय यायचं होतं ना.”

डोमाजी त्याच्याकडे बघत राहिला. उकंडाची बोटं थरथरत होती. कपाळावर, माघातल्या हवेतही, घाम आला होता.

“म्हणून इतके दिवस...”

“माह्या तोंडाले वास येते, कपड्याले येते. बाजूले बसून मी पेत राह्यलो असतो, तं तुले कसं सुटलं असतं?”

“मले वाटलं, तू भेतं मले.”

“कायले?”

डोमाजी खाली वाकून फुटाणे वेचू लागला. उकंडाही वेचू लागला. माती फुंकून दोघांनी ते खाल्ले आणि निंबाखाली जाऊन बसले. आतला आवाज वाढला की उकंडा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवी.

उन्हं उतरता उतरता नर्स दारात आली.

“मुलगी झाली. आईही बरी आहे. फार त्रास काढला तिनं, पण बरी आहे.”

डोमाजीने नर्सला हात जोडले. दाराला जोडले. मग फडक्यात तोंड घालून तो रडला. उकंडा तेवढा वेळ दुसरीकडे बघत राहिला.

“जाय आता,” डोळे पुसत डोमाजी म्हणाला.

“कुठं?”

“पेऊन ये एक. तुये हात पाह्य कसे झाले ते.”

उकंडा ओशाळून हसला. ठेल्यावरून बिडी घेऊन तो रस्त्याच्या कडेला थांबला. चिमूटभर माती उडवून त्याने वारा कुणीकडचा आहे ते पाहिलं आणि धूर दवाखान्याकडे येणार नाही अशा बाजूला, पार दूर, जाऊन उभा राहिला. डोमाजीला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

परत येताना उकंडा नळावर थांबला. त्याने खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली, तोंड धुतलं. तरी पायऱ्यांशी आल्यावर तो अडला.

“तू पाहून ये पोरीले. मी खिडकीतून पाह्यतो, दुरून.”

“दुरून कायले?”

डोमाजीने त्याचं मनगट धरलं आणि तो पायऱ्या चढू लागला. अर्ध्यावर त्याला दम लागला. तो थांबला तसा उकंडाही थांबला, आणि घाई नसल्यासारखा, डोमाजीचा श्वास जागेवर येईपर्यंत, अंगणातल्या निंबाकडे बघत उभा राहिला.